मोहिनी पार्लरवालीची चढलेली भुवई

वडवणीच्या स्टँडवरून बाजाराकडं यायला लागलं की उजव्या हाताला एक अरुंद जिना दिसतो. खाली खताचं दुकान, वर मोहिनीचं पार्लर. वरून नवरी उतरत असली तर खालच्या बाईनं खताच्या पोत्यांपाशी निमूट थांबायचं, असा तिथला नियमच आहे. आणि वर गेलेली कुठलीही बाई खाली उतरली की आधी खतवाल्याच्या काचेत स्वतःचं तोंड बघते, मग चपला नीट करते. मोहिनीच्या हाताला गुण आहे हे आणखी कुणी सांगायची गरज नाही. पण मध्यंतरी एक वेळ अशी आली होती की त्याच मोहिनीला स्वतःचं तोंड कुणाला दाखवावंसं वाटेना. ती वेळ तिनं कशी काढली, ते ऐकण्यासारखं आहे.

मोहिनी ऊसतोड्याची लेक. घरची चार मेंढरं आजीच्या हवाली करून आईबाप दर वर्षी कारखान्यावर जायचे, आणि ही त्यांच्या मागं पाचटाच्या झोपडीत, कोपीत वाढली. ज्या वयात पोरी सागरगोटे खेळतात त्या वयात ही भर उन्हात डोळे बारीक करून उसाच्या शेंड्याची वाढी गोळा करायची, मोळ्यांना बंध द्यायची. पुढं लग्न होऊन आली तेही मेंढरंवाल्यांच्याच घरात. सासू कडूबाई. त्यांचं नाव कडू, जीभही थोडी तशीच. सुनेनं बीडला जाऊन पार्लरचा कोर्स करते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "लोकांची तोंडं धुवायला शिकाया लागतंय व्हय?" आणि असं म्हणता म्हणता नातू काखेला मारून त्याच कोर्सभर त्यांनी घर सांभाळलं. असल्या माणसांचं बोलणं ऐकायचं नसतं, करणं बघायचं असतं.

आयब्रो करायची मोहिनीची रीत सगळ्या तालुक्याला ठाऊक. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि कपाळ असं आवळलेलं की जणू परीक्षेचा पेपर चाललाय. लहानपणीचं ऊन आणि पुढची ही इतकी वर्षं, दोन्हींनी मिळून तिच्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या कोरल्या होत्या. बाई मुळात हसरी, पण आठ्यांना कोण समजावणार? नवरी आरशात बघायची, मागं ही उभी, आणि नवरीचा जीव घाबराघुबरा व्हायचा. "ताई, माझं काय चुकलं का?" असं पोरी विचारायच्या. एक तर रडायलाच लागली होती, सगळं काजळ गालावर. मोहिनी तिला म्हणाली, "अगं, मी रागावले न्हाई, माझं तोंडच तसलं हाय." ते हसण्यावारी गेलं, पण तिच्या मनाला लागलं. ज्या दिवशी पोरीला धीर पाहिजे त्याच दिवशी तिच्या पाठीमागं रागीट तोंड घेऊन उभं राहायचं, हे तिला पटेना.

त्यात भिवराबाईच्या मनिषाचं लग्न ठरलं. भिवराबाई म्हणजे मोहिनीच्या आईच्या टोळीतली बाई, एकाच फडात दोघींनी कोयते चालवलेले. मनिषा लहान असताना फडात खेळता खेळता पडली आणि कोयत्याचं टोक तिच्या उजव्या भुवईतून गेलं. डोळा वाचला हे नशीब. पण भुवई मधोमध फाटली ती फाटलीच. तिथं केस उगवले नाहीत, आणि ती भुवई दुसरीपेक्षा खाली बसली. शाळेत पोरं तिला काय काय म्हणायची ते इथं लिहायची लाज वाटते. पोरगी दहावीत असताना मोहिनीच्या पार्लरात येऊन नुसती बसून राहायची, तेव्हा मोहिनीनं तिला शब्द दिला होता, "तुझ्या लग्नात मी तुझ्या दोनी भुवया अशा सारख्या करीन की तुझ्या आईनं बी खूण धुंडावी." पोरीनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला होता. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपून माणसं गावी परतली, कडा गावचं स्थळ पक्कं झालं, आणि मनिषा सगळ्यात आधी जिना चढून आली ती पार्लरात. "ताई, ध्यानात हाय ना?" मोहिनी म्हणाली, हाय.

आणि तिनं ठरवलं, ह्या पोरीच्या मागं आठ्या घेऊन उभं राहायचं नाही.

बीडला एक डॉक्टरीण आठ्या जायची सुई देते, हे तिला धंद्यातल्या बायकांकडून कळलं होतं. घरी सांगितलं, पार्लरचं सामान आणायला जाते. खोटं नव्हतं, सामानही आणलंच. डॉक्टरीण तरुण पण समजुतीची. सुया टोचल्या, आणि बजावलं, आज कपाळ चोळायचं नाही, लगेच आडवं पडायचं नाही, डोक्याला घट्ट काही बांधायचं नाही. मोहिनीनं मान डोलावली. चोळायचं नाही म्हणजे मसाज नाही, फेशियल नाही, एवढं तिला कळत होतं. तिचा धंदाच तो.

पण त्याच दिवशी संध्याकाळी चुलत दिराच्या लग्नाचा देवीचा गोंधळ होता. दिवेलागणीला बायका जमल्या, चौक मांडला, आणि कडूबाई कुंकवाची वाटी घेऊन मळवट भरायला निघाल्या. मळवट म्हणजे कपाळावर नुसती टिकली नाही, ह्या कानापासून त्या कानापर्यंत कुंकवाचा पट्टा, अंगठ्यानं दाबून भरलेला. आणि कडूबाईंचा अंगठा म्हणजे जन्मभर शेळ्यामेंढ्यांच्या धारा काढलेला. त्या एकेका कपाळाला भांडं घासावं तशा घासत येत होत्या. मोहिनीच्या पुढ्यात आल्या तेव्हा तिच्या मनात एकदा येऊन गेलं, आत्या, जरा हळू. सासूला ती आत्याच म्हणायची. पण हळू म्हणायचं तर सुईचं सांगायला लागणार. आणि खरं सांगायचं तर मळवट म्हणजे चोळणं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरनं बंदी घातली ती चोळण्याला. देवीच्या कुंकवाला कुणी चोळणं म्हणतं का? तिनं डोळे मिटले, कपाळ पुढं केलं.

आठवडा व्हायच्या आत एका सकाळी ती दात घासत आरशापुढं उभी राहिली आणि ब्रश तोंडातच राहिला. आठ्या गेल्या होत्या, अगदी साफ. पण उजव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर उतरलेली, आणि डावी भुवई टोकाला अशी वर चढलेली की बघणाऱ्याला वाटावं ही प्रत्येक गोष्टीवर संशय घेतेय. तिनं तोंड धुतलं, परत बघितलं. तेच. नवरा परमेश्वर मागून म्हणाला, "डोळ्यात काय गेलं का गं?" तिनं डोक्याला स्कार्फ गुंडाळला तो डोळ्यापर्यंत.

गावाच्या जिभेला हाड कुठलं असतंय? दोन दिवसांत एक म्हणाली, तोंडावरून वारं गेलं, लकवाच तो. दुसरी म्हणाली, बाहेरचं आहे, कुणीतरी केलंय. तिसरीचं म्हणणं, लई नटवी बाई, देवानं दाखवलं. हिनं त्याच तिसरीच्या पोरीची हळद फुकटात सजवली होती, पण ते आठवायला मन लागतं. खतवाल्याच्या पोत्यांपाशी बायका थांबायच्या, वर बघायच्या आणि वळून जायच्या. ज्या बाईचं स्वतःचं तोंड वाकडं, तिच्या हाती लग्नाची पोर कोण देणार? आणि मनिषाचं लग्न तर येऊन ठेपलेलं.

मोहिनीनं डॉक्टरणीला फोन लावला तेव्हा तिचे हात पिठात होते, म्हणून फोन स्पीकरवर. कडूबाई उंबऱ्यात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, हे घरात सगळे धरूनच चालायचे.

"त्या दिवशी संध्याकाळी कपाळ चोळलं होतं का?" डॉक्टरणीनं विचारलं.

"न्हाई," मोहिनी म्हणाली, आणि थबकली. "मळवट भरला होता."

"म्हणजे?"

"कुंकू वो. कपाळभर. अंगठ्यानं."

"जोरात?"

"आमच्या आत्याचा अंगठा हाय, डॉक्टर."

मग डॉक्टरीण म्हणाली, "त्यानं औषध सरकलं असेल. नक्की सांगता येणार नाही, कधी कधी आमच्या हातूनही असं होतं. उद्या येऊन डोळा दाखवून जा, मी थेंब देते. पापणी उतरते तशी चढते, पण काही आठवडे जातील. चढलेल्या भुवईचं नंतर बघू. आणि कुणी घाईनं दुसरी सुई देतो म्हणालं तर अजिबात घेऊ नका."

बीडला जाऊन, डोळा तपासून, थेंब घेऊन मोहिनी परतली. येताना वडवणीच्या स्टँडवर उतरली, आणि तिथंच, सगळ्या बाजाराच्या देखत, तिनं स्कार्फ सोडून पिशवीत टाकला. तिथून पार्लरपर्यंत उघड्या तोंडानं चालत गेली. बघणाऱ्यांनी आ वासून बघितलं. त्या दिवसापासून जी विचारील तिला ती एकच सांगायची, "आठ्या जाव्या म्हणून सुई घेतली. वाकडं झालं. उतरंल हळूहळू." ना डॉक्टरला शिव्या, ना नशिबाला. नटवी म्हणणारीला म्हणाली, "व्हय, नटवी हाय. नटवायचाच धंदा हाय माझा." आणि मळवटाचं एक अक्षर नाही. गावात नाही, नवऱ्याला नाही, कडूबाईंपुढं तर नाहीच. सगळ्या गावाची बोलणी एका बाईनं अंगावर घेतली, आणि जिच्या अंगठ्यानं ते झालं असेल तिच्या ताटात रोज गरम भाकरी वाढली. सांगा बरं, असं कितीजणींना जमेल?

बोलणी सोसता येतात. पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मोहिनीशिवाय कुणाला कळली नव्हती. अर्धी पापणी खाली म्हणजे त्या डोळ्यानं अर्धंच दिसतं. भुवया सारख्या करायच्या तर दोन्ही डोळे धड पाहिजेत. तिनं एका गिऱ्हाइकाची आयब्रो केली आणि डावी बाजू केसभर जास्त निघाली. गिऱ्हाइकाला कळलं नाही, मोहिनीला कळलं. हा हात घेऊन मनिषाच्या फाटक्या भुवईला जायचं?

मग तिनं काय केलं, तर स्वतःलाच गिऱ्हाईक केलं. रोज सकाळी पार्लरचं शटर अर्धं वर करून ती आरशापुढं बसायची. पापणी उचलून धरायची एक पारदर्शक पट्टी मेकअपच्या सामानात असते, ती लावून डोळा उघडा करायची, आणि स्वतःच्या वाकड्या भुवया पेन्सिलीनं सरळ करायच्या मागं लागायची. सुरुवातीला खालची वर न्यायला बघितली. तोंड आणखी विचित्र दिसलं. पुसलं. परत काढली, परत पुसली. कपाळ लाल व्हायचं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की खालच्या भुवईला ओढून वर नेलं की सगळ्यांची नजर तिकडंच जाते. वरचीलाच थोडं खाली आणायचं, तिचं टोक मोडायचं, खालचीला फक्त भरून घ्यायचं. इतकी वर्षं बायकांच्या भुवया केल्या, पण वाकड्या तोंडाकडं आतून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. आता रोज सकाळी तेच चालू.

लग्नाच्या चार दिवस आधी भिवराबाई जिना चढून आली. पदराशी चाळा करत बसली. शेवटी म्हणाली, "मोहिने, वाईट वाटून घेऊ नको. कड्याची मानसं लई जुन्या वळणाची हायती. नवऱ्या मुलाची आत्या रतनबाई, तिला शकुन-अपशकुन लई. बीडची एक बाई बोलवावी म्हणते मी."

मोहिनीनं विचारलं, "मनिषा काय म्हणती?"

"ती मला घरात टिकू देईना. ताईच पायजे म्हणती."

"मग मावशी, मला येऊ द्या. न्हाई जमलं तर मी स्वतः रतनबाईच्या पाया पडीन." भिवराबाईनं होकाराची मान हलवली.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या मागच्या खोलीत मोहिनीनं सामान मांडलं. कडूबाईही आल्या होत्या, सुनेच्या माहेरच्या ओळखीनं. कोपऱ्यात सतरंजीवर पाय पसरून बसल्या. मनिषाला खुर्चीत बसवलं, केस बांधले, मोहिनीनं पापणीला पट्टी लावली आणि पेन्सिल उचलली, एवढ्यात ओटीचं सामान घेऊन रतनबाई आत आली. मोहिनीकडं बघून जागीच उभी राहिली.

"ही कोन?" ती म्हणाली. "हिच्या तोंडावरून वारं गेलंय का काय? अन लग्नाच्या दिशी ही आमच्या नवरीला हात लावायली?"

भिवराबाई पोरीची आई, तिची मान खाली. मोहिनी आपलं नेहमीचं वाक्य जुळवत होती. मनिषाच्या डोळ्यात पाणी उभं राहिलं. त्या शब्दासाठी पोरगी इतकी वर्षं थांबली होती, आणि तो आता दारातूनच परत जायच्या बेतात होता.

तेव्हा कोपऱ्यातून कडूबाई उठल्या. गुडघ्यावर हात देत, सावकाश.

"वारं न्हाई अन बाहेरचं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं कपाळात सुई घेतलती. डाक्तरनीनं सांगितलतं, चोळू नको. अन त्याच दिशी मी तिचा मळवट भरला. ह्या आंगठ्यानं." त्यांनी अंगठा रतनबाईच्या नाकापुढं धरला. "भांडं घासावं तसा भरला. पोरगी गप ऱ्हायली. त्या दिशी बी, अन मागून बी. गाव काय काय बोललं, पर माझं नाव तिनं तोंडातून काढलं न्हाई. तुमाला अपशकुन बघायचाच आसंल तर माझ्या हाताचा बघा. मी जाते भाईर. तिचा हात पोरीला लागू द्या."

मोहिनी सासूकडं बघतच राहिली. हातातली पेन्सिल तशीच. गेले इतके दिवस ह्या बाईला सगळं माहीत होतं आणि ती गुमान तूर निवडत बसली होती.

रतनबाईनं त्या अंगठ्याकडं बघितलं. कुंकवाचा मळवट तिच्याही घरी भरत असणार. ती हळूच म्हणाली, "देवीच्या कुंकवानं झालं म्हनता?"

"कुंकवानं न्हाई. माझ्या आडदांडपनानं," कडूबाई म्हणाल्या.

रतनबाईनं ओटीचं ताट खाली ठेवलं आणि तिथंच बसकण मारली. "बसा तुमी बी," ती कडूबाईंना म्हणाली. "बघू तर द्या काय करती ती."

मोहिनीनं डोळे पुसले, पट्टी परत लावली. मग तिला आजूबाजूचं काही दिसलं नाही. मनिषाची डावी भुवई, चांगली भुवई, तिनं आधी घेतली. तिचं टोक अलगद उतरवलं. उजवीला ओढलं नाही, फाटलेल्या जागेत एकेक केस पेन्सिलीनं काढत गेली, वाढीच्या दिशेनं, जसा तो तिथं उगवला असता तसा. मधेच थांबून आरशात बघायची, परत वाकायची. रोजच्या सकाळी वाया गेल्या नव्हत्या. शेवटी ती मागं सरकली आणि म्हणाली, "बघ."

मनिषानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट उचलून उजव्या भुवईजवळ नेलं, खूण शोधायला, आणि रंग पुसेल म्हणून हात मागं घेतला. आरशात तिच्या मागं मोहिनी उभी होती, एक भुवई चढलेली, एका पापणीला पट्टी, आणि हसत. "ताई," मनिषा म्हणाली, "तुमी आज लई छान दिसायल्या." भिवराबाई जवळ आली, पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, आणि पदर डोळ्याला लावून बाहेर निघून गेली. रतनबाई उठता उठता एवढंच म्हणाली की तिच्या धाकटीचं पुढच्या साली आहे, नंबर देऊन ठेवा.

घरी परतताना जीपमध्ये मोहिनीनं विचारलं, "आत्या, तुमाला कधी कळलं?"

"तुझा फोन लई मोठ्यानं बोलतो."

"मग बोलला न्हाईत कावून?"

"तू बोलली न्हाईस म्हनून," कडूबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पापणी पुढं काही आठवड्यांत चढली. भुवईही खाली आली, सावकाशीनं डॉक्टरणीच्याच हातची एक बारीक सुई घेऊन. पार्लरचा जिना परत गजबजला. सुईचा असर सरला तशा दोन्ही आठ्या, जुन्या ओळखीच्या, आपापल्या जागी येऊन बसल्या. सुईबद्दल विचारायला आलेल्या बायकांना मोहिनी सगळं सांगते, काय होतं, काय होऊ शकतं. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, "घरात देवाचं काय हाय का बघा आधी."

नवरात्रात कडूबाईंची देवीची परडी भरायची होती. सकाळी बायका अंगणात जमल्या, कुंकवाची वाटी फिरायला लागली, आणि कडूबाई एकेक कपाळ घासत मोहिनीपाशी आल्या. मोहिनीनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. वाट बघितली. काहीच लागेना. डोळे उघडले तर सासूचा कुंकवात बुडवलेला अंगठा कपाळापुढं हवेत थांबलेला.

"घेतली का गं सुई?" कडूबाईंनी विचारलं.

"न्हाई आत्या. परडी झाल्यावर जाणार हाय."

"मग ठीक," कडूबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या कपाळावर दाबून, ह्या कानापासून त्या कानापर्यंत, मळवट भरला.